मराठी मजकूर विसकटतो तेव्हा

शाळेच्या संगणकावर पंधरा-वीस वर्षांपूर्वी तयार केलेली एखादी प्रश्नपत्रिका किंवा स्मरणिकेतील लेख आज नव्या संगणकावर उघडून पाहिला, तर पुष्कळदा चमत्कारिक दृश्य दिसते. मराठीचा मागमूसही नसतो. इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम ह्यांची नुसती खिचडी पडद्यावर पसरलेली असते. ‘फाईल खराब झाली’ असे म्हणून आपण ती पुसून टाकतो, आणि तिच्याबरोबर गावाचा इतिहास, जुन्या शिक्षकांच्या आठवणी, शाळेचे अहवालही जातात. वास्तविक बहुतेक वेळा ती फाईल धडधाकट असते. मग अक्षरे जातात तरी कुठे?

ह्याचे उत्तर समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. संगणकाला अक्षर म्हणून काही ठाऊक नसते. तो फक्त आकडे साठवतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर म्हणायचे, हे एका ठरावीक तक्त्यावरून ठरते. इंग्रजीसाठी असा ‘आस्की’ नावाचा तक्ता अमेरिकेत १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्यात १२८ जागा होत्या. फॉन्ट म्हणजे त्या जागांवर बसवलेली अक्षरांची चित्रे.

आता १९९० च्या सुमाराची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात आणि त्यांतील पहिल्या १२८ जागा इंग्रजीने अडवलेल्या. मराठी छापायची तर आहे! तेव्हा फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. जागा इंग्रजीच्याच ठेवल्या आणि त्यांवरची चित्रे मात्र देवनागरी बसवली. उदाहरणार्थ, ‘कृतिदेव’ ह्या फॉन्टमध्ये इंग्रजी ‘डी’च्या जागी ‘क’चे चित्र आहे. त्यात ‘मराठी’ हा शब्द लिहिला की संगणकात साठतात ती ई, जे, के, मोठा बी आणि एच ही अक्षरे. म्हणजेच १०१, १०६, १०७, ६६ आणि १०४ हे आकडे. कृतिदेव फॉन्ट हजर आहे तोवर आपल्याला ‘मराठी’ दिसते. तो नसेल, तर संगणक त्याच आकड्यांना इंग्रजी चित्रे लावून मोकळा होतो. त्याचे तरी काय चुकले?

ही युक्ती त्या काळात मोलाची होती, हे मान्य केले पाहिजे. तिच्याशिवाय संगणकावर मराठी पुस्तके छापणे फार अवघड झाले असते. परंतु प्रत्येक कंपनीने आपापली वाट धरली. ‘श्रीलिपी’ची मांडणी निराळी, ‘शिवाजी’ची निराळी. शिवाय अशा मजकुरात शब्द शोधता येत नाही, कारण संगणकाच्या लेखी तेथे मराठी शब्दच नसतो.

खरा उपाय म्हणजे देवनागरीला तिच्या हक्काचे आकडे देणे. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली भारतीय लिपींसाठी ‘इस्की’ हा तक्ता प्रमाण केला. त्याच वर्षी जगातील सर्व लिपींना एकाच तक्त्यात बसवणाऱ्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरूनच घेतलेली आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा आहेत. ‘क’चा आकडा २३२५. षोडशमान पद्धतीत तोच आकडा ०९१५ असा लिहितात. ९ गुणिले २५६, अधिक १६, अधिक ५ असा हिशेब करून पाहा. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये कळफलक इंग्रजीवर ठेवून नव्या ओळीवर हे चार आकडे टंकित करा, आणि ‘आल्ट’ व ‘एक्स’ ह्या कळा एकदम दाबा. तेथे ‘क’ उमटेल.

जुनी फाईल कोणत्या जातीची आहे, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. मजकूर निवडून त्याला ‘टाइम्स न्यू रोमन’ हा फॉन्ट लावा. मराठी मराठीच राहिली, तर तो मजकूर युनिकोडमधील आहे. तिची इंग्रजी खिचडी झाली, तर जुन्या पद्धतीचा आहे असे समजावे. अशा फाईलमध्ये मूळ फॉन्टचे नाव सहसा वरच्या पट्टीत दिसते. ते लिहून घ्या, कारण मजकूर युनिकोडमध्ये पालटणाऱ्या परिवर्तक आज्ञावलीला नेमके तेच हवे असते. असे परिवर्तक इंटरनेटवर फुकट मिळतात. विद्यार्थ्यांची नावे आणि गुण असलेला कागद मात्र अनोळखी संकेतस्थळावर टाकू नये.

परिवर्तकाचे काम वाटते तितके यांत्रिक नाही. कृतिदेवमध्ये ‘किती’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी येते आणि ‘क’ नंतर, कारण कागदावर ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये आधी ‘क’, मग वेलांटी. आपण उच्चारतो तसे. ‘कर्म’मधला रफार जुन्या पद्धतीत ‘म’च्या नंतर साठतो, नव्या पद्धतीत ‘म’च्या आधी. थोडक्यात, जुने फॉन्ट डोळ्याला दिसेल ते साठवीत, युनिकोड कानाला ऐकू येईल ते साठवते. म्हणून परिवर्तकाला नुसते आकडे बदलून भागत नाही. क्रमही लावावा लागतो, आणि चुका होतात त्या बहुधा तेथेच.

मजकूर विसकटण्याचे आणखी काही प्रकार आहेत. एक्सेलमध्ये नावांची यादी उघडली आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ व त्यामागे चलनाचे चिन्ह अशी जोडी पुन्हापुन्हा दिसू लागली, तर मजकूर युनिकोडच असतो. फक्त चुकीच्या तक्त्याने वाचला गेलेला असतो. ‘यूटीएफ-८’ नावाच्या रीतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठते. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. एक्सेल ह्या तिघांना तीन स्वतंत्र युरोपीय चिन्हे समजते. अशी फाईल थेट न उघडता ‘डेटा’ विभागातून आत आणावी आणि ‘फाईल ओरिजिन’मध्ये ६५००१ क्रमांकाचा यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा. नावे जागच्या जागी येतात.

नुसते रिकामे चौकोन दिसले, तर घाबरण्याचे कारण नाही. आकडे बरोबर आहेत, चित्रे पुरवणारा फॉन्ट तेवढा नाही. ह्या चौकोनांना गमतीने ‘टोफू’ म्हणतात. ते दिसू नयेत म्हणून गूगलने तयार केलेल्या फॉन्टचे ‘नोटो’ हे नाव ‘टोफू नको’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरूनच पडले आहे.

परंतु अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर सावध व्हा. ज्या तक्त्यात देवनागरी नाही अशा तक्त्यात कोणीतरी मजकूर साठवला, की न मावणाऱ्या प्रत्येक चिन्हाऐवजी ६३ हा प्रश्नचिन्हाचा आकडा लिहिला जातो. मूळ आकडे तेथे राहतच नाहीत, आणि कोणताही परिवर्तक ते परत आणू शकत नाही. अशा वेळी ‘सेव्ह’ची कळ मुळीच दाबू नये आणि जुनी प्रत कोठे आहे का, ते शोधावे.

रूपांतर झाल्यावरही मूळ फाईल ठेवून द्यावी आणि नवी प्रत एकदा माणसाने वाचावी. इंग्रजी शब्द मधूनमधून असतील, तर परिवर्तक त्यांनाही देवनागरीत ढकलतो. आणि आपला मराठीचा खास अर्धा ‘र’ अवश्य तपासावा. ‘ऱ्या’चा ‘र्या’ झाला तरी संगणकाला काही वाटत नाही. स्नेहसंमेलनाच्या जुन्या अहवालात ‘आचाऱ्यांना पंचवीस किलो तांदूळ दिले’ असे असेल, तर नव्या प्रतीत तो तांदूळ आचार्यांच्या घरी गेलेला दिसेल.