कल्याण बंदराचा जिना : नाणेघाट

कल्याण हे दोन हजार वर्षांपूर्वीही जंक्शनच होतं. खाडीत जहाजं लागायची आणि तिथून घाटाकडे व्यापारी तांडे सुटायचे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात ते 'कल्लिएना' म्हणून येतं. एके काळी इथे रीतसर व्यापार चाले, पण आता चुकून शिरलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला धाडतात, अशी तक्रारही त्यात आहे. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं नोंदलेली आहेत. त्यांचा माल देशावर चढायचा तो नाणेघाटाने, पुढे जुन्नर, पैठण.

जुन्नरकडून गाडी आता थेट पठारापर्यंत जाते. तिकडच्यांनी खुशाल तसं जावं. ठाणे-कल्याणच्या माणसाने मात्र हा घाट खालूनच चढावा. कल्याणहून माळशेजमार्गे जाणारी एसटी पकडायची, मुरबाड, टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाच्या वाटेपाशी उतरायचं. अंतर साठेक किलोमीटर. कंडक्टरला आधीच सांगून ठेवलेलं बरं. तिथून रानातली मळलेली वाट, मग खडी चढण, आणि वर वर जावं तशी दगडी पायऱ्या नि जुनी फरसबंदी. सवयीच्या माणसाला दोन-अडीच तास पुरतात.

चढताना डोक्यावर सतत नानाचा अंगठा असतो. पायथ्यावरून उभारलेल्या अंगठ्यासारखा दिसणारा हा सुळका वरून मात्र गवताळ उतार आहे, आणि तो उतार अचानक संपतो. काठावर पोटावर झोपूनच खाली बघावं. समोर गोरखगड, मच्छिंद्रगड, मागे जीवधन आणि त्याला बिलगलेला वानरलिंगी. सगळा बेसॉल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा थरावर थर. सह्याद्रीचा हा कडा एके काळी किनाऱ्याजवळ होता आणि झिजत झिजत मागे सरकला, असं भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. समुद्र आज दूर आहे, वारा मात्र समुद्राचाच. पावसाळ्यात तो इतका जोर धरतो की कड्यावरून पडणारं पाणी उलटं वर उडतं. ते बघायला शनिवार-रविवारी जत्रा लोटते; जमलं तर आडवारी जावं.

घाटमाथ्याच्या जरा खाली पाण्याची टाकी आणि सातवाहनांची लेणी आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. ते कधीच फुटले. उरल्या त्या कुठे पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं. सिमुक सातवाहन, सातकर्णी, राणी नागनिका, कुमार हकुसिरी. बाजूच्या दोन्ही भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात मोठा लेख आहे. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी यांचा तो चोख हिशेब. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ मध्ये तो पाहिला. त्यातले आकडे ओळखले भगवानलाल इंद्रजींनी. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन. पण चार, सहा, सात, नऊ यांना स्वतंत्र चिन्हं. शून्य नाही, म्हणून दहा, शंभर, हजारालाही वेगळी खूण. भारतीय अंकांच्या इतिहासात ही भिंत पहिल्या पानांवर आहे. त्याच लेणीत कुणी बदाम कोरून नाव टाकलेलं दिसलं की हात शिवशिवतात.

लेणीवरून नळीसारखी अरुंद खिंड पार केली की पठार. तोंडाशीच भलामोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असं सांगतात. लेणीत ज्या घराण्याने एवढा दानधर्म मांडून ठेवला, त्याची एक मिळकत या वाटेवरची असणार, हे ताडायला इतिहासकार लागत नाही.

उतरताना पावसाळ्यात फरसबंदी शेवाळलेली असते. घाई नको, पण अंधारही करू नये. संध्याकाळी कल्याणकडे येणारी एसटी बहुधा भरूनच येते. उभ्याने प्रवास करण्याचा सराव डोंबिवलीकराला असतोच.