खुर्ची एकच का?

मैत्रिणींनो, 'नाऊ यू सी मी' या हॉलीवूडपटांत जादूगारांची टोळी बड्या ठगांना लुटते. २०१३च्या पहिल्या भागात चौघांत बाई एकच, आयला फिशरची हेन्ली. २०१६च्या दुसऱ्या भागात आयला नव्हती, ती तेव्हा गरोदर होती. तिच्या जागी लिझी कॅप्लानची लूला आली. म्हणजे बाईसाठी खुर्ची एकच. एक उठली की दुसरी बसणार!

२०२५च्या तिसऱ्या भागात मात्र एक मोठा हिरा पळवायला नव्या दमाचे तिघे येतात. त्यांत जून नावाची मुलगी आहे. गंमत म्हणजे हेन्लीही परतते आणि लूलाही! धाकटीला जागा मिळते, पण थोरलीला उठावं लागत नाही. सून आली की सासूनं कोपरा धरायचा, असंच आपण ऐकत आलो ना? किल्ल्या दोघींच्याही हाती राहिल्या तर काय बिघडतं?