लडाखमधील 'मॅग्नेटिक हिल' : चुंबकाचा दावा आणि दृष्टिभ्रमाचे शास्त्र

प्रास्ताविक :

लेह शहराच्या पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, श्रीनगर-कारगिल-लेह महामार्गावर, गुरुद्वारा पत्थर साहिब मागे टाकून निम्मूकडे जाताना 'मॅग्नेटिक हिल' या नावाने प्रसिद्ध असलेले ठिकाण लागते. रस्त्यावर रंगाने एक चौकोन आखलेला असून शेजारील फलकावर गुरुत्वाकर्षणास न जुमानणाऱ्या घटनेचा उल्लेख आहे. चौकोनात मोटार उभी करून गिअर 'न्यूट्रल'मध्ये ठेवल्यास ती समोरच्या चढावर आपोआप सरकू लागते आणि पुढे ताशी १५ ते २० किलोमीटर वेग घेते, असा पर्यटकांचा अनुभव आहे. हा अनुभव खोटा नाही. मोटार खरोखरच सरकते. खोटा आहे तो चढ.

अशी स्थळे जगात अनेक आहेत. स्कॉटलंडमधील एअरशायर परगण्यात 'इलेक्ट्रिक ब्रे', कॅनडातील मंक्टन येथे 'मॅग्नेटिक हिल', अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात 'स्पूक हिल' आणि आपल्याकडे गुजरातमधील तुळशीश्यामजवळचा रस्ता ही त्यांपैकी काही होत. ही नावेच मोठी बोलकी आहेत. कोठे वीज, कोठे चुंबक, तर कोठे भूत! ज्या अदृश्य शक्तीचे त्या समाजास कुतूहल किंवा भय होते, तिच्या माथी ही घटना मारली गेली. लडाखमध्येही हा मार्ग पुण्यवंतास स्वर्गाकडे ओढून नेतो अशी लोककथा सांगितली जाते; तिच्या जोडीला डोंगरातील प्रबळ चुंबकाची आधुनिक कथा आली आहे. लोककथा विज्ञानाचा वेष घेत नाही, चुंबकाची कथा घेते. म्हणून तिची तपासणी अधिक आवश्यक ठरते.

चुंबकाचा दावा :

पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र होकायंत्राची हलकी सुई फिरविण्याइतपतच असते. मॅग्नेटाइट हे खनिज असलेल्या खडकांमुळे त्यात स्थानिक फेरफार होतात. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्येही मॅग्नेटाइट असते व त्यामुळे काही ठिकाणी होकायंत्राची दिशा चुकते. परंतु त्यामुळे घाटातली मोटार कधी कड्याकडे ओढली गेलेली नाही. चुंबकाची ओढ अंतरागणिक झपाट्याने घटते. शेकडो मीटरवरून हजार किलोची मोटार खेचणारे चुंबक डोंगरात असते, तर पर्यटकाच्या हातातील किल्ल्यांचा जुडगा आधी निसटला असता. शिवाय रबरी चेंडू आणि ओतलेले पाणीही अशा रस्त्यांवर त्याच दिशेने जाते. पाण्याला चुंबकाचे असे आकर्षण नाही. ज्या बलाला लोखंड, रबर आणि पाणी सारखेच, ते बल गुरुत्वाकर्षणाचेच होय.

उताराचा चढ कसा दिसतो?

रस्त्याचा कल डोळा स्वतंत्रपणे मोजत नाही. तो तुलनेने ठरवितो. तुलनेचा मुख्य आधार म्हणजे क्षितिज. सपाट प्रदेशात क्षितिज डोळ्यांच्या पातळीवर दिसते व समतल कोणते हे सहज कळते. लडाखमध्ये चोहोबाजूंनी डोंगर असल्याने खरे क्षितिज झाकलेले असते. झाडे विरळ, इमारती नाहीत; म्हणजे उभी रेषा दाखविणारी खूणही नाही. अशा वेळी डोंगरांच्या पायथ्याची तिरकी रेषा किंवा सभोवतालची उतरती जमीन यांनाच मन समतल मानते.

दुसरे कारण शेजारच्या उताराचे. समजा, रस्ता प्रथम ५ अंशांनी उतरतो आणि पुढे केवळ २ अंशांनी उतरतो. पहिला भाग जवळजवळ सपाट आहे असे डोळ्याने गृहीत धरले, तर दुसरा भाग त्याला वर चढणारा भासतो. दोन्ही भाग उतरतेच असतात. कमी उताराचा भाग मात्र चढ ठरतो.

इटलीतील पावला ब्रेसान, लुइजी गार्लास्केली आणि मोनिका बाराकानो यांनी हा परिणाम प्रयोगशाळेत तपासला व २००३ साली 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी टेबलावर रस्त्यांच्या लहान प्रतिकृती उभारून त्यांचे कल व दिसणाऱ्या क्षितिजाची उंची बदलली आणि निरीक्षकांचे अंदाज नोंदविले. तीव्र उताराशेजारचा सौम्य उतार निरीक्षकांना चढ वाटला. डोंगर नाही, चुंबक नाही, तरी भ्रम तोच! चुंबकाच्या कथेला याहून स्पष्ट उत्तर क्वचितच देता येईल.

वेगाचे गणितही साधे आहे. १००० किलोची मोटार ५० मीटरला १ मीटर उतरणाऱ्या रस्त्यावर असल्यास तिला पुढे ढकलणारे बल सुमारे १९६ न्यूटन होते. चाकांचा रोध सुमारे १२० न्यूटन धरला, तर ७६ न्यूटन शिल्लक राहतात. एवढ्या बलाने एका मिनिटात मोटार ताशी सुमारे १६ किलोमीटर वेग गाठू शकते. वरील अनुभवाशी हे जुळते.

कळूनही न जाणारा भ्रम :

भारतीय तत्त्वचिंतनात भ्रमाचा विचार सूक्ष्मपणे झालेला आहे. दोरीवर भासलेला साप दिवा आणताच नाहीसा होतो. जास्वंदीजवळच्या स्फटिकात दिसणारी लाली मात्र, ती खरी नाही हे कळल्यावरही, फूल दूर करेपर्यंत राहते. अद्वैत वेदान्तात या दुसऱ्या प्रकारास सोपाधिक भ्रम म्हणतात. मॅग्नेटिक हिलचा भ्रम याच जातीचा आहे. येथील 'उपाधी' म्हणजे सभोवतालचे डोंगर. ते हलविता येत नाहीत. म्हणून कारण जाणणाऱ्या अभ्यासकालाही तेथे चढच दिसतो. 'प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले' हा पुरावा येथे पुरेसा का नाही, हे यावरून ध्यानात यावे.

हा प्रश्न केवळ सहलीतील गंमतीचा नाही. जपानमधील द्रुतगती मार्गांवर उतार संपून सौम्य चढ सुरू झाल्याचे चालकांच्या लक्षात येत नाही, वाहने नकळत मंदावतात आणि कोंडी होते. वैमानिकास चढती धावपट्टी पाहताना आपण आहोत त्यापेक्षा उंचावर आहोत असे वाटते व विमान धोकादायकरीत्या खाली आणले जाण्याचा संभव असतो. मॅग्नेटिक हिलवर तर इंजिन बंद करून प्रयोग करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. इंजिन बंद होताच ब्रेकला व सुकाणूला मिळणारे साहाय्य संपते, आणि मोटार मात्र मालवाहू ट्रक व लष्करी वाहने धावणाऱ्या महामार्गावर खऱ्याखुऱ्या उतारावर असते. चढावर मोटार आपोआप थांबेल या भरवशावर बसलेल्या चालकास ही गोष्ट कोणी सांगत नाही.

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांच्या सहली लडाखला जातात. विद्यार्थ्यांनी सोबत गवंड्याची साधी पाणसळ न्यावी. वाहतुकीपासून दूर, रस्त्याच्या कडेने दर दहा पावलांवर ती टेकवून बुडबुडा कोणत्या बाजूस सरकतो याची नोंद करावी आणि शेजारी डोळ्यांचा अंदाज लिहावा. दोन्ही रकाने एकमेकांशी जुळणार नाहीत.