एक राजा, दोन छापे!

मॉल झाला, मल्टिप्लेक्स झालं, लोणावळा तर कितीदा झालं! आता वीकएंडला काहीतरी हटके हवंय? मग एकोणिसाव्या शतकातली स्कॅन्डिनेव्हियाची चांदीची नाणी जमवून बघा. ‘हे काय आता नवीन?’ म्हणू नका. या नाण्यांत मानापमानाची झकास स्टोरी आहे.

१८१४ ते १९०५ या काळात स्वीडन आणि नॉर्वे हे देश दोन, पण राजा एकच. मग नाण्यावर आधी नाव कुणाचं? यावर तोडगा साधा निघाला. स्वीडनच्या नाण्यावर दुसरा ऑस्कर ‘स्वीडन आणि नॉर्वेचा राजा’, तर नॉर्वेच्या नाण्यावर तोच ऑस्कर ‘नॉर्वे आणि स्वीडनचा राजा’! लग्नपत्रिकेतल्या नावांच्या क्रमावरून रुसणारे काका आठवले ना?

पैशांच्या बाबतीत मात्र मंडळी समजूतदार. १८७३ मध्ये स्वीडन आणि डेन्मार्कनं समान चलनाचा करार केला, १८७५ मध्ये नॉर्वेही त्यात आला. चलनाचा पाया सोन्याचा, पण रोजच्या व्यवहारात चांदी. एक क्रोनचं नाणं तिन्हीकडे साडेसात ग्रॅमचं, त्यात ८० टक्के चांदी. त्यामुळे कोपनहेगनचा क्रोन स्टॉकहोमच्या दुकानातही चालायचा. तेही युरोच्या शतकभर आधी! लोकांना नवा हिशोब कळावा म्हणून १८७५ च्या नॉर्वेच्या क्रोनवर जुनी किंमतही छापली होती, ३० स्किलिंग.

१९०५ मध्ये नॉर्वे वेगळा झाला, त्याचा राजाही वेगळा झाला. क्रोनचं वजन तेवढं बदललं नाही. ही व्यवस्था कोलमडली ती १९१४ नंतर, पहिल्या महायुद्धात.

सुरुवात करताय? मग हे लक्षात ठेवा :

* टाकसाळीची खूण शोधा. कोपनहेगनचं चिमुकलं हृदय, नॉर्वेच्या काँग्सबर्गचे एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन हातोडे. काँग्सबर्गला चांदीची खाणच होती!
* छोटा डिजिटल वजनकाटा घ्या. एक क्रोन साडेसात ग्रॅम, दोन क्रोन पंधरा. झिजलेलं नाणं किंचित हलकं भरेल, पण फरक मोठा असेल तर सावधान.
* पितांबरी लांब ठेवा. घासूनपुसून लख्ख केलेल्या नाण्याची किंमत उतरते. संग्राहकांना ती जुनी काळपट झाकच हवी असते.
* पीव्हीसीच्या पाकिटात नाणी ठेवू नका, चांदी खराब होते.

आजही तिन्ही देशांत चलनाचं नाव क्रोनच (स्वीडनमध्ये क्रोना), पण प्रत्येकाचा भाव वेगळा. ती जुनी तीन नाणी मात्र आळीपाळीनं काट्यावर ठेवा, आकडा तोच दिसेल.