सगुणेची हद्द

तिसऱ्या मजल्यावरील आमच्या बिऱ्हाडाच्या खिडक्यांना जाळी बसविल्यापासून सगुणेचा, म्हणजे आमच्या करड्या मांजरीचा, बाह्य जगाशी जो काही व्यवहार उरला तो त्या जाळीच्या भोकांतूनच चाले; आणि समोरच्या गुलमोहरावर साळुंकी उतरताच जबडा थरथरवीत तिने चालविलेली ती चमत्कारिक कटकट ऐकली, की या जीवाचा आपण प्रतिपाळ करीत आहोत की त्याला नजरकैदेत ठेवले आहे, या शंकेने माझे वर्तमानपत्रावरील लक्ष उडे. जाळी काढून टाकणे तर शक्यच नव्हते. मांजर पडले तरी चार पायांवर पडते, ही आपली समजूत बव्हंशी खरी आहे. परंतु १९८७ साली न्यूयॉर्कच्या पशुवैद्यांनी इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांची जी हकीकत प्रसिद्ध केली, तीवरून असे दिसते की बहुतेक मांजरे वाचली तरी छातीला आणि जबड्याला जबर इजा व्हायची ती होतेच. रस्त्यावर मोकळे सोडावे, तर पुण्यातील आमच्या गल्लीत कुत्र्यांचा अंमल. तेव्हा दोरी लावून इमारतीच्या मागल्या अंगणात न्यावे, असे ठरले.

कुत्र्याला फिरवतात तसे मांजरालाही फिरवता येईल, अशा भरवशावर जो या कामाला हात घालील, तो आठ दिवसांत दोरी खुंटीला टांगील. कुत्रा पडला कळपातला. कोणाच्या तरी मागून चालण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. मांजराचा मूळ पुरुष म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशिया यांतील रानटी मांजर, आणि ते एकांडे शिलेदार: आपला मुलूख आपण राखणारे, त्याच्या हद्दी गंधाने आखणारे. नव्या जागी पाऊल टाकण्यापूर्वी तेथे कोणाची वहिवाट आहे याची खातरजमा केल्यावाचून ते पुढे सरकत नाही, आणि ही चौकशी चालू असता दोरीला हिसका देणे म्हणजे पंचनामा चालू असता पंचांनाच ओढून नेण्यासारखे आहे. दोरी वाट दाखविण्यासाठी नव्हे. ती केवळ जामीन.

ही दोरी गळपट्ट्याला मात्र कदापि बांधू नये. मानेच्या पायथ्याशी असलेले जे हाड माणसाच्या खांद्याला तुळईसारखे सांधलेले असते, ते मांजराच्या अंगात इवलेसे असून नुसते स्नायूंत अधांतरी असते. म्हणूनच जेथे डोके शिरले तेथून बाकीचे अंगही निघते, आणि भ्यालेले मांजर मागे सरू लागले म्हणजे गळपट्टाच काय, सैल साजसुद्धा अंगरख्यासारखा उतरवून मोकळे होते. दुकानदार ज्याला हार्नेस म्हणतात तो मान व छाती या दोहोंभोवती बसणारा साजच घ्यावा, आणि पट्ट्याखाली दोन बोटे जातील, तिसरे जाणार नाही, इतका तो आवळावा. आपोआप गुंडाळली जाणारी, डबीतली दोरी आम्ही प्रथम आणली होती. ती डबी एकदा हातातून निसटून फरशीवर खडखडत सगुणेच्या मागे लागली, आणि ती बिचारी दुपारभर कपाटामागे बसून राहिली! साधी, सहा फुटी दोरी बरी.

साज आणल्या दिवशीच अंगावर चढविण्याचा मोह आवरला पाहिजे. आठवडाभर तो तिच्या जेवणाच्या ताटलीशेजारी पडून राहिला. मग तो नुसता पाठीवर ठेवायचा आणि उकडलेल्या कोंबडीचा एक कण द्यायचा, असा शिरस्ता चालला. प्रथम बंद आवळले, तेव्हा सगुणा एका कुशीवर कलंडली ती कलंडलीच. पाय ताठ, नजर भिंतीवर, जणू तिच्या पाठीवर कोणी धान्याचे पोते ठेवले आहे. हे बहुतेक मांजरे करतात, तेव्हा घाबरून जाऊ नये. दोन मिनिटांत साज काढावा, दुसऱ्या दिवशी तीन मिनिटे ठेवावा. आमच्याकडे ती साजासह सरळ चालू लागेपर्यंत तीन आठवडे गेले. काही मांजरांना तो अखेरपर्यंत सोसत नाही. त्यांना जाळी लावलेल्या गच्चीतले ऊन पुरे, बळजबरी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

बाहेर नेण्यापूर्वी लसींची मुदत तपासावी, विशेषतः रेबीजच्या. पिसवा आणि गोचिडे यांवरचे औषध मांजराचेच असावे. कुत्र्यांच्या काही औषधांत असणारे परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतते, आणि घरात दोन्ही प्राणी असले म्हणजे ही चूक सहज घडते. अंगणातील कुंड्यांत लिली असेल तर त्या बाजूला फिरकूच नये. तिच्या परागांनीही मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

उंबरठा मांजराला स्वतःच्या पायांनी ओलांडू देऊ नये, नाहीतर दार उघडताच जिन्यावर धाव घेण्याची त्याला खोड लागते. आम्ही सगुणेला साज चढवून पेटीत घालून खाली नेले आणि पेटीचे दार उघडून शेजारी बसलो. पहिल्या दिवशी ती बाहेरच आली नाही. चौथ्या दिवशी आली. पोट जमिनीला टेकवून पाण्याच्या हौदापर्यंत गेली, त्याच्या कोपऱ्याचा वास घेतला आणि तोंड अर्धवट उघडे ठेवून काही क्षण तशीच थबकली. टाळूत असलेल्या एका स्वतंत्र इंद्रियापर्यंत गंध पोहोचविण्याची मांजरांची ही रीत आहे. कोणा बोक्याने तेथे आपली सनद लिहून ठेवली होती, ती ती वाचत होती. एवढ्यात रस्त्यावर एक रिक्षा फटफटली. कान मागे पडले, शेपूट पोटाखाली गेली. अशा वेळी उचलून घेऊ गेल्यास पंजाचे ओरखडे ठरलेलेच, म्हणून मी पेटीच पुढे सरकविली आणि ती आत शिरली. त्या दिवशीचा फेरफटका हौदापर्यंतचा, सुमारे सोळा पावलांचा.

आता रोज सकाळी साडेसहाला आम्ही खाली जातो. वेळ एकच ठेवल्याने इतर वेळी दाराशी बसून तिचे ओरडणे थांबले. परवा पाऊस होता. तरी साडेसहाला ती साजाच्या खुंटीखाली येऊन बसली, म्हणून नेली. तिने पेटीतून एक पंजा बाहेर काढला, ओल्या फरशीवर ठेवला, उचलून झटकला, आणि पाठ फिरवून आत बसली.