माहितीनिर्मितीचे मापन

माहितीनिर्मितीचे मापन : जगात ठराविक कालावधीत निर्माण होणाऱ्या माहितीचे परिमाण संख्येने ठरविणे. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीचे गणिती माप मांडले व बिट हे एकक रूढ झाले; आठ बिटांचा एक बाइट होतो. या मापात संदेशाचा अर्थ विचारात घेतला जात नाही, हे शॅनन यांनीच स्पष्ट केले होते. पुढील बहुतेक अडचणींचे मूळ येथेच आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील (बर्कली) पीटर लायमन व हॅल व्हॅरिअन यांच्या २००३ मधील अहवालानुसार २००२ साली कागद, चित्रपटफीत, चुंबकीय व प्रकाशीय माध्यमे यांवर सु. ५ एक्झाबाइट (एक एक्झाबाइट म्हणजे एकावर अठरा शून्ये इतके बाइट) नवी माहिती साठविली गेली. तीपैकी ९२ टक्के चुंबकीय माध्यमांवर होती; कागदाचा वाटा केवळ ०·०१ टक्का. यावरून ग्रंथांचे महत्त्व सरले असे मानणे चुकीचे होईल, कारण काही मिनिटांची चलत्‌चित्रे कोशाच्या एका खंडातील मजकुराहून अधिक बाइट व्यापतात.

मार्टिन हिल्बर्ट व प्रिसिला लोपेझ यांनी २०११ मध्ये जगाची २००७ मधील साठवणक्षमता २९५ एक्झाबाइट असल्याचे दाखविले. हा आकडा नवनिर्मितीचा नाही, तसेच तो मजकुराचे शक्य तितके संक्षेपन गृहीत धरून काढलेला आहे. म्हणून त्याची आधीच्या आकड्याशी तुलना करता येत नाही. संक्षेपनाचा प्रश्न क्षुल्लक नव्हे. प्रचलित यूटीएफ-८ संकेतनात साध्या रोमन अक्षरास एक, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘माहिती’ या शब्दात काना व वेलांट्या धरून सहा चिन्हे असल्याने तो अठरा बाइट व्यापतो. रोमन लिपीत सहा अक्षरांच्या शब्दास सहाच पुरतात.