साडेपाचला थांबणारं रेकॉर्डिंग

परदेशात जाऊन रेकॉर्ड करायची म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे लंडन येतं. पण लंडनच्या माणसाचा परदेश कोणता? बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनसाठी 1968 च्या जानेवारीत तो आपला फोर्ट होता. ‘वंडरवॉल’ या इंग्रजी चित्रपटाच्या संगीताचं काम त्याच्याकडे होतं. त्यातलं रॉक लंडनमध्ये मुद्रित झालं. भारतीय वाद्यांसाठी तो मुंबईत, फिरोजशहा मेहता रस्त्यावरच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आला.

सोयी बेताच्याच. इथलं यंत्र मोनो. म्हणून कंपनीच्या भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं स्टीरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने आणलं. वादक मात्र अव्वल. सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर एस. आर. केंकरे, तबल्यावर महापुरुष मिश्र. याच मुक्कामात बीटल्सच्या ‘द इनर लाइट’ गाण्याचं वादनही झालं. त्यावर हॅरिसनचा आवाज चढला तो फेब्रुवारीत, लंडनमध्ये.

स्टुडिओ होता कचेऱ्यांच्या वर, आणि बाहेरचा आवाज अडवण्याची व्यवस्था कच्ची. रस्त्यावरच्या टॅक्स्या काही तुकड्यांत ऐकू येतात, असं हॅरिसननेच सांगून ठेवलं आहे. साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की रेकॉर्डिंग थांबवावं लागे. जिना उतरणाऱ्यांचे पाय वरपर्यंत वाजत.

ते पाय एवढे का वाजत, हे उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूरकरांना सांगायला नको. मी फोर्टातल्या बँकेत लागलो तो 1980 नंतर. पण साडेपाचचा जिना तसाच होता. व्ही.टी.ला कर्जत गाडी गाठायची, तर दोन-दोन पायऱ्या गाळतच उतरावं लागे. ती चुकली, की पोरं झोपल्यावर घरी.

वाचकहो, गंमत पाहा. जगभर गाजलेल्या बँडचा वादक हात आवरून बसे, कारण खालच्या कारकुनाला गाडी गाठायची असे. आणि कारकुनाला त्याची खबरही नसे. टॅक्स्या रेकॉर्डमध्ये शिरल्या. पाय शिरले नाहीत. त्यांच्यासाठी संगीतच थांबलं.

‘वंडरवॉल म्युझिक’ नोव्हेंबर 1968 मध्ये आली. बीटल्सच्या अ‍ॅपल कंपनीची ती पहिली एलपी. वेष्टनावर आपल्या वादकांची नावं छापली आहेत. जिन्यावरच्यांची नावं कोण छापणार? त्यांच्या चाळीस वर्षांच्या धावपळीची घरात उरलेली खूण म्हणजे पेन्शनचे कागद आणि पासचं जुनं पाकीट. ती माणसं आता थोडीच राहिली आहेत. तुमच्या घरी असे कुणी आजोबा असतील, तर आज जेवणं झाल्यावर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, ‘आजोबा, साडेपाचला तुम्ही कुठला जिना उतरायचात?’